थंडीपूर्वी घरच्या हिरवळीची तयारी : नाशिकच्या हवेसाठी सविस्तर मार्गदर्शन

नाशिकमध्ये घरापुढे हिरवळ राखणाऱ्या बहुतेकांचे तिच्याकडे लक्ष जाते ते डिसेंबरच्या अखेरीस. तोपर्यंत गवताची टोके तपकिरी झालेली असतात, भिंतीलगतचा पट्टा फिकट पडलेला असतो, आणि मग घाईघाईने युरिया फेकून सकाळ-संध्याकाळ पाणी मारणे सुरू होते. माझ्या घरी पहिली दोन वर्षे मी हेच केले. दोन्ही वर्षी गवत हिरवे तर झाले नाहीच, उलट जानेवारीत त्यावर रुपयाएवढे पांढुरके डाग पडले आणि ते भरून यायला होळी उजाडली. चूक खताच्या प्रमाणात नव्हती, वेळेत होती. हिवाळ्याची तयारी ऑक्टोबरच्या उन्हात करायची असते. डिसेंबरमध्ये फक्त राखण करायची असते.

आपल्याकडे लॉन म्हणून लावतात ती गवते मुळात उष्ण हवेतली आहेत. हरळी, म्हणजे आपली दूर्वाच, तिची बुटकी निवड ‘सिलेक्शन नंबर एक’, आणि रोपवाटिकांत मेक्सिकन किंवा कोरियन या नावाने मिळणारे मऊ, दाट गवत, ही सारी २७ ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात जोमाने वाढतात. रात्री १५ अंशांच्या खाली जाऊ लागल्या की त्यांची वाढ मंदावते, आणि १० अंशांच्या आसपास ती जवळजवळ थांबते. पाने तयार होण्याचा वेग घटला की गवत मुळांत आणि जमिनीलगतच्या कांड्यांत साठवलेल्या अन्नावर तग धरते. हा साठा पाऊस सरल्यानंतरच्या पाच-सहा आठवड्यांत होतो, कारण तेव्हा जमीन उबदार असते, ऊन भरपूर असते आणि पाने अजून काम करत असतात. पाऊस साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माघारी फिरतो आणि खरी थंडी नोव्हेंबरच्या शेवटी स्थिरावते. कामाचा सगळा अवधी एवढाच आहे. दिवाळीच्या हिशोबाने कामे ठरवू नयेत, कारण ती कधी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात येते तर कधी नोव्हेंबरच्या मध्याजवळ.

आधी जमीन आणि सावली पाहून घ्यावी

नाशिकची थंडीही एकसारखी नाही. शहरात सिमेंट आणि डांबर दिवसाची ऊब धरून ठेवतात; मखमलाबाद, आडगाव यांसारख्या मोकळ्या भागात रात्री अधिक गार होतात, आणि निफाडचा पारा राज्यातल्या सर्वांत खाली उतरणाऱ्या पाऱ्यांपैकी असतो, हे कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील नोंदींवरून आपण दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत वाचतोच. त्यामुळे पुढे दिलेल्या तारखा मोकळ्या भागातल्या वाचकांनी आठवडाभर अलीकडे ओढाव्यात.

जमीन कोणती आहे हे कळण्यासाठी गवताच्या कडेला वीतभर खोल खड्डा घ्यावा. काळी चिकण माती असेल तर पाणी धीम्या गतीने मुरते, पण टिकते. मुरमाची भर असेल, आणि बंगल्यांच्या आवारात ती बहुधा असतेच, तर पाणी आणि खत दोन्ही लवकर निसटतात. याच खड्ड्यात मुळे किती खोल गेली आहेत तेही दिसते. दहा सेंटिमीटरपर्यंत पांढरी, ताजी मुळे असतील तर हिरवळीची प्रकृती चांगली आहे. सगळी मुळे वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्येच गुंतलेली असतील तर पुढे सांगितलेली, पहारीने भोके पाडण्याची पायरी टाळू नये.

सावलीचा विचार फार थोडे लोक करतात. नाशिक सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे जूनमध्ये भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तर २१-२२ डिसेंबरला तो दुपारीसुद्धा दक्षिणेकडे झुकून क्षितिजापासून ४७ अंशांपेक्षा वर चढत नाही. हिरवळीच्या दक्षिणेला पाच फुटांची कुंपणभिंत असेल तर तिची सावली त्या दिवशी भर दुपारी पावणेपाच फुटांपर्यंत पडते, आणि तीन मजली इमारत असेल तर सबंध अंगणच दिवसभर सावलीत जाऊ शकते. जे गवत पावसाळ्यात उन्हात होते तेच हिवाळ्यात सावलीत असते, आणि नेमका तोच पट्टा दरवर्षी पिवळा पडतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच दक्षिणेकडच्या झाडांच्या खालच्या फांद्या विरळ कराव्यात. इमारत हलवता येत नाही. पण त्या पट्ट्याला पाणी आणि खत कमी द्यावे आणि तिथे गवत थोडे उंच राखावे, एवढे मात्र निश्चित करता येते.

तण आणि हुमणी

पाऊस उघडल्यावर जमिनीला वापसा आला, म्हणजे ती ना चिखल ना कोरडी अशी बेताची ओली झाली, की पहिले काम खुरप्याचे. घोळ, दुधी, आंबुटी, गाजरगवत ही तणे ऑक्टोबरमध्ये फुलावर येतात, म्हणून बी पडण्याआधी ती मुळासकट काढावीत. गाजरगवत उपटताना हातमोजे घालावेत, कारण अनेकांच्या त्वचेला त्याची खाज सुटते. लव्हाळ्याचा प्रश्न वेगळा आहे: त्याच्या मुळांना एकामागोमाग एक गाठी असतात, आणि वरचा शेंडा खेचला की गाठी जमिनीत राहून दुप्पट जोमाने फुटतात. थोडा लव्हाळा असेल तर खुरपे वीतभर खोल घालून गाठीसह काढावा आणि ती माती चाळून परत भरावी. फार पसरलेला असेल तर फक्त लव्हाळवर्गीय तणांवर चालणारे तणनाशक कृषी सेवा केंद्रातून विचारपूर्वक घ्यावे, ते आपल्या गवताला चालते का याची खात्री करावी, आणि वेष्टनावरचे प्रमाण ओलांडू नये. ग्लायफोसेट हिरवळीवर मुळीच वापरू नये. ते तणाबरोबर हरळीही मारते.

हुमणीची, म्हणजे जमिनीत राहून मुळे खाणाऱ्या अळीची, तपासणी पाच मिनिटांची आहे. जिथे गवत कारण नसताना सुकते आहे, किंवा साळुंक्या आणि कावळे रोज येऊन चोची खुपसत आहेत, तिथे एक फूट लांब-रुंद चौकोन तीन बाजूंनी कापून गोधडीसारखा उलटावा. मुळे कुरतडलेली असतील तर तो तुकडा सहज उचलला जातो आणि खाली इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या पांढऱ्या अळ्या दिसतात. एक-दोन असतील तर वेचून टाकाव्यात. एका चौरस फुटात पाच किंवा अधिक सापडल्या तर मेटारायझियम ही मित्रबुरशी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून ओल्या जमिनीवर पसरावी आणि वर पाणी द्यावे. हे काम जमीन उबदार असतानाच करावे.

शेवटची खालून कापणी आणि वाळलेला थर

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस थांबल्याची खात्री झाल्यावर, हरळी एकदा नेहमीपेक्षा थोडी खाली, म्हणजे अडीच सेंटिमीटरपर्यंत कापावी. पावसाळ्यात गवत वाढून उंच झाले असेल तर एकाच दिवशी हे करू नये. एका वेळी उंचीच्या एक-तृतीयांशाहून अधिक कापू नये हा नियम पाळून चार-चार दिवसांच्या अंतराने दोन-तीन कापण्यांत तिथे पोहोचावे.

त्यानंतर बोटांनी गवत बाजूला सारून पाहावे. हिरवी पाने आणि माती यांच्यामध्ये वाळलेल्या काड्या-मुळांचा स्पंजासारखा थर असतो. तो सेंटिमीटरभर असेल तर उपयोगाचाच आहे. त्याहून जाड झाला की पाणी त्यातच अडकते, आणि हिवाळ्याच्या दवात तोच थर बुरशीचे घर होतो. लोखंडी पंजाने, म्हणजे दंताळ्याने, आधी उभे आणि मग आडवे असे ओढून तो मोकळा करावा. हरळी हे सोसते. मेक्सिकन गवताला मात्र एवढी जोराची ओढ देऊ नये. ते सावकाश वाढणारे आहे आणि ऑक्टोबरमध्ये पडलेली टकले त्यात मार्चपर्यंत दिसत राहतात.

पहार, वाळू आणि खतमाती

या लेखातली एकच पायरी करायला वेळ असेल तर मी ही निवडेन. चार महिन्यांच्या पावसाने आणि पायांच्या वर्दळीने काळी माती दबून बसते, मुळांना हवा मिळत नाही, आणि दिलेले पाणी उताराने वाहून गटारात जाते. यावर उपाय म्हणजे बारा मिलिमीटर जाडीची सळई, पहार किंवा चार दातांचा बागेचा काटा घेऊन दर दहा-पंधरा सेंटिमीटरवर आठ-दहा सेंटिमीटर खोल भोके पाडत जाणे. वेळ मात्र वापशाचीच हवी. आमच्याकडे येणारे वयस्कर माळीकाका मूठभर माती घेऊन तिचा लाडू वळतात आणि अंगठ्याने दाबतात: लाडू फुटून भुगा झाला तर काम सुरू, अंगठ्याचा ठसा नुसता उमटून राहिला तर दोन दिवस थांबायचे. ओल्या चिकण मातीत पहार मारली तर भोकाच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि हवा आत जाण्याऐवजी वाट बंद होते, हे मी त्यांच्याकडून शिकलो.

भोके पाडून झाली की त्यांत भरण्यासाठी खतमाती तयार करावी: एक भाग चाळलेली पोयटा माती, एक भाग जाड धुतलेली वाळू आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत. काळ्या मातीवर नुसत्या वाळूचा पातळ थर पसरू नये. दोन वेगळ्या पोतांचे थर एकावर एक बसले की पाणी त्यांच्या सांध्यावर अडखळते. थर पाच मिलिमीटरहून जाड नको. ५०० चौरस फुटांच्या हिरवळीला असा थर द्यायला सुमारे २३० लिटर मिश्रण लागते, म्हणजे १५ लिटरच्या पंधरा-सोळा बादल्या, आणि भोकांसाठी दोन-तीन बादल्या जास्त. मिश्रण कोरडे असतानाच पसरावे, मग खराट्याच्या मागच्या बाजूने किंवा फळीने ओढून भोकांत सारावे, आणि गवताची टोके वर दिसत राहतील असे झाडावे. पाने पूर्ण झाकली गेली तर ती पिवळी पडतात.

शेणखताबाबत एक सावधगिरी. एका वर्षी मी विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून अर्धवट कुजलेले खत घेतले. दिवाळीनंतर दोन आठवड्यांतच सबंध हिरवळीत तांदुळजा आणि गाजरगवताची रोपे उगवली, आणि ती वेचण्यात महिना गेला. घेण्यापूर्वी ढिगात कोपरापर्यंत हात घालून पाहावा: आत ऊब लागली किंवा नाकाला झोंबणारा वास आला तर ते खत अजून कच्चे आहे. पूर्ण कुजलेले खत गार, भुसभुशीत आणि पावसानंतरच्या मातीच्या वासाचे असते.

खत: काय, किती आणि कधी थांबायचे

नत्राची, म्हणजे युरियातून मिळणाऱ्या नायट्रोजनची, शेवटची मोठी मात्रा ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत संपलेली असावी. ५०० चौरस फुटांना एकूण अर्धा किलो युरिया पुरेसा होतो, आणि तोही पंधरा दिवसांच्या अंतराने पाव-पाव किलो असा दोनदा द्यावा. पहिला हप्ता खतमातीनंतर लगेच. पाने कोरडी असताना, युरिया चौपट कोरड्या वाळूत मिसळून अर्धा उभ्या आणि अर्धा आडव्या दिशेने फेकावा, म्हणजे पट्टे पडत नाहीत. मग त्याच वेळी भरपूर पाणी द्यावे, कारण पानांवर राहिलेला युरिया पाने करपवतो. नोव्हेंबरच्या मध्यानंतर युरियाला हात लावू नये. थंडी पडल्यावर दिलेल्या नत्राने मुळे वाढत नाहीत. निघालीच तर कोवळी, पाणीदार पाने निघतात, आणि थंडीचा व बुरशीचा पहिला घाव त्यांच्यावरच बसतो.

पालाश, म्हणजे पोटॅश, हे थंडी सोसण्याच्या ताकदीशी जोडलेले अन्नद्रव्य आहे. द्राक्षांच्या या जिल्ह्यात ते मिळवणे अगदी सोपे: बागायतदार वापरतात तेच सल्फेट ऑफ पोटॅश, ज्यावर ०:०:५० असे लिहिलेले असते, ५०० चौरस फुटांना साडेतीनशे ते चारशे ग्रॅम या प्रमाणात नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात द्यावे. मात्र काळ्या जमिनीत पालाश बहुधा मुळातच भरपूर असते. म्हणून शक्य असल्यास आधी माती तपासून घ्यावी, आणि अहवालात पालाश ‘जास्त’ आले तर हा खर्च वाचवावा. मुरमाच्या भरावावर मात्र त्याचा फरक दिसून येतो. स्फुरदाची, म्हणजे डीएपीची, दरवर्षी गरज नसते.

पिवळेपणा दरवेळी नत्राचा नसतो, हेही इथेच सांगायला हवे. आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही गवताला घेता येत नाही; मग पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसतो, आणि नवी पाने आधी पिवळी होतात. अशा वेळी एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट आणि चिमूटभर सायट्रिक अॅसिड मिसळून सकाळी फवारावे. आठवड्याभरात रंग परततो आणि वाढ ओढून काढली जात नाही, म्हणून थंडीतही हा उपाय चालतो. फरशीवर पडलेले थेंब लगेच धुवावेत, अन्यथा गंजाचे डाग कायमचे बसतात.

पाणी

ऑक्टोबरच्या उकाड्यात गवताला तीन-चार दिवसांआड पाणी लागते. नोव्हेंबरच्या मध्यापासून हे अंतर वाढवत न्यावे, आणि डिसेंबर-जानेवारीत काळ्या जमिनीला आठ दिवसांनी, मुरमाच्या जमिनीला चार-पाच दिवसांनी पाणी पुरते. रोज थोडे शिंपडल्याने मुळे वरच राहतात. अंतराने पण खोलवर दिलेले पाणी त्यांना खाली ओढते. एका वेळी दहा मिलिमीटर पाणी म्हणजे ५०० चौरस फुटांना सुमारे ४६५ लिटर. आपल्या नळाने हे किती मिनिटांत होते ते एकदा मोजून ठेवावे: १५ लिटरची बादली एका मिनिटात भरत असेल तर अर्धा तास. तुषार सिंचन असेल तर सरळ कडांच्या पाच-सहा वाट्या हिरवळीवर वेगवेगळ्या ठिकाणी ठेवून पंधरा मिनिटांनी पट्टीने पाणी मोजावे. वाट्यांमध्ये दुपटीचा फरक सापडला तर पिवळ्या ठिगळांचे कारण तिथेच आहे.

पाणी हवे आहे की नाही हे गवतच सांगते. चालून गेल्यावर पावलांचे ठसे लगेच उठून न येता तसेच राहिले आणि रंगावर निळसर राखाडी छटा आली, तर पाणी द्यावे. वेळ सकाळी आठ ते दहाची, ऊन गवतावर आल्यानंतरची असावी. संध्याकाळचे पाणी हिवाळ्यात टाळावे, कारण ओली पाने आणि रात्रभराचे दव मिळून बारा-चौदा तासांचा ओलावा होतो आणि बुरशीला नेमका तोच हवा असतो. दाट दव पडू लागले की रोज सकाळी लांब बांबू किंवा पाण्याचा रिकामा पाईप दोन टोकांना धरून गवतावरून फिरवावा. थेंब झडून पाने तासभर लवकर सुकतात, आणि माझ्या हिरवळीतले रुपयाएवढे डाग या साध्या सवयीनेच थांबले.

नोव्हेंबरपासूनची राखण

नोव्हेंबरमध्ये हरळीची उंची अडीचवरून चार सेंटिमीटरपर्यंत वाढू द्यावी. पाने जास्त असली की अपुऱ्या उन्हातही अन्न तयार होते आणि मुळांवर ऊब राहते. पुढे दर तीन आठवड्यांनी, तेही फक्त वाढ दिसली तर, टोके खुडावीत. पाते धारदार हवे, कारण बोथट पात्याने फाटलेली टोके पांढरी पडतात. बदाम, पारिजातक, आंबा यांची गळलेली पाने दोन दिवसांच्या वर गवतावर ठेवू नयेत. दिवाळीत भुईनळे आणि चक्र हिरवळीवर लावू देऊ नयेत. मुलांना हे आधीच समजावून सांगावे, कारण नोव्हेंबरमध्ये जळलेले वर्तुळ फेब्रुवारीपर्यंत भरत नाही.

मेक्सिकन गवतावर या काळात तांबेरा हा बुरशीचा रोग येतो. पांढरे मोजे घालून हिरवळीवरून फेरी मारली आणि मोज्यांवर हळदीपेक्षा गडद, नारिंगी भुकटी लागली, तर तोच तो. गहू पिकवणाऱ्यांना हे नाव नवीन नाही. औषधाची घाई नको: गवत कापून कापलेली पाने आवाराबाहेर टाकावीत, पाणी फक्त सकाळी द्यावे, आणि नोव्हेंबरच्या मध्याच्या आत हे दिसले तर युरियाचा अर्धा हप्ता द्यावा, कारण उपाशी गवतावर तांबेरा लवकर बसतो.

हिवाळाभर हिरवा गालिचा हवाच असेल तर ऑक्टोबरच्या शेवटी राय गवताचे बी वरून पेरण्याची पद्धत आहे. ते थंडीत सुरेख दिसते आणि उन्हाळा लागताच मरते. घरच्या हिरवळीसाठी मी ती सुचवत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये हरळी जागी होते तेव्हा हेच गवत तिचे पाणी आणि ऊन खाते, आणि मूळ हिरवळ दोन महिने मागे पडते.

थंडीच्या लाटेचा अंदाज आला, पारा सहा-सात अंशांवर जाणार असे कळले, तर आदल्या दिवशी दुपारी दोनच्या आत पाणी द्यावे. ओली जमीन दिवसाची उष्णता कोरड्या जमिनीपेक्षा अधिक साठवते आणि रात्री हळूहळू सोडते. निफाड, दिंडोरीकडे मोकळ्या रानात कधी दवबिंदूही गोठतात. अशा सकाळी गवतावर पाय ठेवू नये, कारण गोठलेले पान दाबले की आतल्या पेशी फुटतात आणि दुसऱ्या दिवशी पावलांचे काळपट ठसे उमटतात. ऊन चढून ते आपोआप वितळू द्यावे. नव्याने लावलेल्या कोवळ्या पट्ट्यावर तेवढ्या रात्रीपुरते गोणपाट टाकावे आणि सकाळी नऊपर्यंत काढावे.

जानेवारीत मोकळी दिसणारी जागा तशीच राहू द्यावी; तेव्हा लावलेले हरळीचे कांडे गार मातीत रुजत नाहीत, बहुतेक कुजतात. फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात रात्री १५ अंशांच्या वर राहू लागल्या की वाळलेली टोके कापून उंची पुन्हा अडीच सेंटिमीटरवर आणावी, मोकळ्या जागी दर दहा सेंटिमीटरवर दोन-तीन डोळ्यांचे कांडे टोचावे, आणि युरियाचा पहिला पाव किलोचा हप्ता नवी हिरवी पाने दिसल्यानंतरच द्यावा.